केशवरावांनी कंपनी कुणाला दिली?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

बचत गटातल्या माझ्या सगळ्या तायांनो, माम्यांनो, काकींनो, आणि चुलीपाशी बसून ऐकणाऱ्या आज्यांनो. भाकऱ्या चालू असतील तर चालू द्या, हात थांबवू नका. मी काही हिशेब विचारायला आलेली नाही.

एरवी मी इथं हप्त्याचं, व्याजाचं, नाहीतर प्रस्तावाचं बोलते. आज नाटक कंपनीचं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हिला काय झालं? सांगते.

माझ्याकडच्या एका गटाच्या अध्यक्षा काकी आषाढात वारल्या. गट चौदा वर्षांचा, बायका सतरा. चौदा वर्षं काकीच अध्यक्ष. दर वर्षी निवड व्हायची, म्हणजे काकी विचारायच्या, "कुणाला व्हायचंय का?" आणि सगळ्या हसायच्या. पेटी त्यांच्याकडे, वह्या त्यांच्याकडे, कुणी किती उचललं आणि का उचललं हे सगळं त्यांच्या डोक्यात. बाराव्या-तेराव्यानंतर बैठक घेतली तर दोन तट. एक तट म्हणाला, शिल्लक वाटून घेऊ आणि मोकळ्या होऊ, काकी होत्या म्हणून गट होता. दुसरा म्हणाला, गट त्यांच्या घरचाच, सुनेला अध्यक्ष करा. सूनबाई चांगली मुलगी आहे, पण गटात तिनं आजवर एक रुपया भरलेला नाही, ती सभासदच नाही. मी समन्वयक, मी बोलले तर तो हुकूम होतो, म्हणून गप्प बसले. घरी आले, आणि रात्री मला केशवराव भोसले आठवले.

मी मूळची लालबागची. आजोबा गिरणीत साचाखात्यात, आजी चाळीतल्या खोलीत खानावळ चालवायची. गावाकडून आलेले गडी तिच्याकडे जेवायचे, पगार झाला की पैसे द्यायचे. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं लागायची, ती आजीनं बघितलेली. हे गडी दिवसभर गिरणीत आणि रात्री तोंडाला रंग. आजी म्हणायची, "राजा झालेला माणूस माझ्याकडे उधारीवर जेवायचा." तिच्यामुळे मला नाटकाचं वेड. बी.ए.ला असताना एका निबंधासाठी मी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुन्या नाटक मंडळ्यांचं वाचलं. तेव्हा वाटलं होतं, परीक्षा झाली की याचा काय उपयोग!

तर कंपनीचं नाव ललितकलादर्श. ती १९०८ सालच्या पहिल्या जानेवारीला हुबळीला सुरू झाली. हुबळी कर्नाटकात, पण त्या काळी मराठी नाटकांना तिकडंही गर्दी व्हायची. कंपनी काढणारे केशवराव भोसले कोल्हापूरचे, आणि वय किती, तर साडेसतरा. आपल्याकडे त्या वयाच्या पोराला आपण बाजारातून नीट नारळ आणायला पाठवत नाही.

पण हा पोरगा तोवर डझनभर वर्षं नाटकात मुरलेला होता. वडील लहानपणीच गेले, घरात खायला नाही. आईनं पोरांना स्वदेशहितचिंतक नावाच्या नाटक कंपनीत घातलं. शाळेत नव्हे, कंपनीत. कारण तिथं दोन वेळा जेवण होतं. त्या बाईचा विचार माझ्या मनातून जात नाही. नाटकवाल्यांना तेव्हा लोक चांगलं म्हणत नसत, गावात भाड्यानं घर मिळायची मारामार. तरी तिनं पोरं तिकडे सोडली, आणि त्यातला एक एवढा मोठा गाणारा निघाला. पुस्तकांत तिच्यावर दोन-तीन ओळी असतात, जास्त नाही.

छोट्या केशवचं नाव झालं ते शारदेच्या कामानं. 'शारदा' हे देवलांचं नाटक, १८९९ सालचं. बाप पैशासाठी कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो, त्याची गोष्ट. पोरीचं काम करणारा पोरगाच, कारण बायकांना रंगभूमी बंद. आपलं दुःख आपल्याच समोर बाप्यांनी लुगडं नेसून मांडायचं, आणि आपण पडद्याआड नाहीतर वरच्या सज्जात बसून रडायचं, असा तो जमाना. जाता जाता एक सांगते. पुष्कळ लोक समजतात की बालविवाहाविरुद्धचा १९२९ चा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला. तसं नाही. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून. पण आपल्या लोकांच्या तोंडी 'सारडा'चं 'शारदा' झालं, आणि मला वाटतं ते उगीच नाही झालं.

आता कंपनी म्हणजे काय ते समजून घ्या, कारण आपल्या गटाशी त्याचं नातं आहे. आजच्यासारखं नव्हतं की नट आपापल्या घरून आला, काम करून रिक्षानं गेला. कंपनी म्हणजे चालतं-फिरतं घर. गाणारे, वाजवणारे, रंगवणारे, पडदे ओढणारे, शिंपी, आचारी, दारावर तिकिटं घेणारे, अशी पन्नासेक माणसं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची, एका गाडीनं पुढच्या गावाला निघायची. आगगाडीत पडद्यांची भेंडोळी आणि कपड्यांच्या ट्रंका. पावसाळ्यात एखाद्या मोठ्या गावी लांब मुक्काम. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू व्हायचं ते पहाटेपर्यंत. गल्ला चांगला झाला तर सगळ्यांना गोड, नाही झाला तरी पन्नास पानं वाढावीच लागायची. ज्यांनी लग्नाच्या पंगती वाढल्या आहेत त्यांना हा हिशेब मी समजावायला नको.

मुंबई ही सगळ्या कंपन्यांची मोठी पेठ. गिरगावाच्या वरच्या अंगाला ग्रँट रोडवर थिएटरांची रांग होती, बालीवाला, एल्फिन्स्टन, रिपन. पारशी, गुजराती, उर्दू आणि मराठी नाटकं शेजारी शेजारी चालायची. गिरगावचा मराठी माणूस संध्याकाळी जेवून चालत तिकडे जायचा. इथं नाटक पडलं तर कंपनीचं दिवाळं, उचललं तर वर्षभराची बेगमी.

ललितकलादर्शनं मामा वरेरकरांची नाटकं केली. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत त्यांचं 'हाच मुलाचा बाप' आलं, हुंड्यावरचं. राजे-राण्या, पौराणिक कथा यांतून बाहेर पडून रंगमंचावर घरातला मुलाचा बाप उभा केला, की बघा बरं, ओळखीचा वाटतो का! शंभर वर्षं होऊन गेली. अजून ओळखीचा वाटतो. मागच्या महिन्यात आपल्याच एका गटातून मुलीच्या लग्नासाठी कर्ज मागितलं गेलं, आणि कारणाच्या रकान्यात 'शेती' लिहिलं गेलं. असो, तो विषय वेगळा.

आता मुख्य गोष्ट. साल १९२१. लोकमान्य टिळकांना जाऊन वर्ष होत आलेलं, त्यांच्या नावानं स्वराज्य फंड गोळा होत होता. तेव्हा मराठीत दोन गाणारे नट असे होते की घराघरांत तट पडलेले. एक बालगंधर्व, त्यांची गंधर्व नाटक मंडळी. दुसरे केशवराव. दोघांच्या कंपन्या एकमेकींच्या चुरशीत. आणि या दोघांनी ठरवलं की फंडासाठी एक प्रयोग एकत्र करायचा. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, नाटक खाडिलकरांचं 'मानापमान'. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. श्रीमंताची मुलगी गरीब सैनिकाला नाकारते आणि पुढे त्याच्याच प्रेमात पडते, असं ते कथानक. लोक त्याला 'संयुक्त मानापमान' म्हणतात. तिकिटं शंभर रुपयांपर्यंत गेली होती. त्या काळी शंभर रुपये म्हणजे गिरणीत राबणाऱ्या माणसाचा काही महिन्यांचा पगार. माझ्या आजोबांच्या वडिलांसारख्याला त्या थिएटरच्या दारातून गाणं कानावर पडलं असेल तर तेवढंच.

या प्रयोगाबद्दल लोक नेहमी विचारतात, कोण सरस ठरलं? मला मात्र दुसरंच नवल वाटतं. दोन कंपन्या, दोन पेट्या, दोन मालक, रोजची स्पर्धा, आणि एका रात्रीचा सगळा गल्ला तिसऱ्याच पेटीत टाकायचा! त्या आधी किती बैठका झाल्या असतील? कुणाचं नाव जाहिरातीत आधी, कुणाचा पेटीवाला, कुणाचे पडदे? आपल्याकडे दोन गट मिळून हळदीकुंकू करायचं म्हटलं तर फुलं कुणी आणायची यावर महिना जातो.

आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. विषमज्वर. वय एकतीस.

कंपनी तेव्हा भरात होती. नाटकांचे कपडे, पडदे, नाव, आणि पंगतीला बसणारी ती सगळी माणसं. केशवरावांना भाऊ होते. रीतीप्रमाणं पाहिलं तर पेटी घरात जायची. पण दुखण्यात असतानाच केशवरावांनी कंपनी सोपवली ती बापूराव पेंढारकर या आपल्या नटाकडे. नातं काही नाही. कंपनीत काम केलेला, गाणारा, माणसं सांभाळणारा माणूस, एवढंच.

मैत्रिणींनो, त्या तापाच्या बिछान्याजवळ काय बोलणं झालं असेल हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि रचून सांगणारही नाही. पण पुढं काय झालं ते सगळ्यांना दिसलं. कंपनी बंद पडली नाही. दुसऱ्याच वर्षी, १९२२ मध्ये, बापूरावांनी वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आणलं. मग 'तुरुंगाच्या दारात', अस्पृश्यतेवरचं. १९३२ मध्ये 'सोन्याचा कळस', आणि हे तर आमच्या लालबाग-परळचं. गिरणीचा मालक आणि गिरणीतले कामगार रंगमंचावर. वरेरकरांनी कामगारांचं जिणं जवळून पाहिलेलं होतं. ज्यांनी सोन्याचा धूर काढला त्यांच्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं पाळीपाळीनं झोपायची, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, आजीकडून कळलंय. एका संगीत नाटक कंपनीनं रेशमी शालू आणि भरजरी पडदे बाजूला सारून गिरणी दाखवावी, याचं मला फार कौतुक आहे. पैसा शालूतच होता ना.

शालूवरून आठवलं. बालगंधर्वांची कंपनी घ्या. त्यांच्यासारखा गळा पुन्हा झाला नाही, त्यांच्यासारखी नेसण्याची ढब उच्च कुळातल्या बायका उचलायच्या. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. खरे दागिने, खरी पैठणी, प्रेक्षकांसाठी अत्तर. आणि कंपनीवर कर्ज लाखांच्या घरात. भागीदार एकेक करून बाहेर पडले, कर्जासकट कंपनी एकट्या बालगंधर्वांच्या अंगावर आली. त्यांनी कष्टानं ते फेडलंही. पण हाताची सवय तीच, पुन्हा खड्डा. त्यांनी नेमकं काय चुकवलं यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय, मी कोण सांगणार! मला एवढंच दिसतं की ती कंपनी एका माणसाच्या गळ्यावर उभी होती. गळा थकला, कंपनी थकली. आणि ज्या नाटकात त्यांनी दारुड्याची बायको सिंधू फाटक्या लुगड्यात उभी केली, त्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ला बायका हुंदके देऊन रडायच्या. फाटकं लुगडं नेसलेल्या सिंधूचा प्रयोग, आणि कंपनीच्या ट्रंकेत पैठण्या.

हिराबाई बडोदेकरांचं तर आपल्या प्रत्येक गटात सांगायला हवं. बाईनं बाईचं काम करायचं हे धाडस त्यांनी १९२९ च्या सुमारास केलं, 'सौभद्र'मध्ये सुभद्रा होऊन. भाऊ सुरेशबाबू आणि घरच्यांनी मिळून कंपनी काढलेली. ती काही वर्षांतच कर्जात बुडाली. मग ते कर्ज फेडलं कुणी? हिराबाईंनी. गावोगाव गाण्याच्या बैठका करून, एकेक मैफल म्हणजे एकेक हप्ता. कंपनी भावाची, घराची; आणि फेडणारी बाई. इथं काही जणी मान हलवत असणार, मला माहीत आहे.

आता ललितकलादर्शकडे परत. कारण गोष्ट सरळ चांगली झाली असती तर मी सांगायला आले नसते.

१४ मार्च १९३१ ला गिरगावातच, मॅजेस्टिक सिनेमागृहात, 'आलम आरा' लागला. बोलणारा, गाणारा सिनेमा. पुढच्या वर्षी मराठी बोलपट आला. झालं! चार आण्यात गाणं, गोष्ट, दृश्यं, आणि पहाटेपर्यंत जागायला नको. ग्रँट रोडच्या थिएटरांत पडद्यावर चित्रं हलायला लागली. सिनेमाच्या डब्यांना पंगत वाढावी लागत नाही. एकेक नाटक मंडळी मोडत गेली. बापूराव ओढत राहिले, आणि १९३७ मध्ये तेही गेले. या वेळी मात्र दुसरा माणूस तयार नव्हता. त्यांचा मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा. कंपनी थांबली.

केशवराव गेले तेव्हा थांबली नाही, बापूराव गेले तेव्हा थांबली. मी दोन रात्री यावर विचार केला. सिनेमा हे एक कारण आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण १९२१ मध्ये जाणाऱ्यानं जायच्या आधी बोट दाखवलं होतं, आणि ज्याच्याकडे दाखवलं त्याचे हात कामाला लागलेले होते. आमच्या काकींनी चौदा वर्षांत एकदाही वही दुसरीला लिहायला दिली नाही. चांगुलपणानंच दिली नाही हो! "तू कशाला त्रास घेतेस, मी लिहिते," म्हणायच्या.

भालचंद्र पेंढारकर मग वझेबुवांकडे गाणं शिकले, आणि १९४२ मध्ये, विशीत, त्यांनी ललितकलादर्श पुन्हा उभी केली. नाटक तेच निवडलं, वडिलांचं 'सत्तेचे गुलाम'. म्हणाल, अखेर पोरगाच आला की! आला, पण शिकून आला. पुढं त्यांनी 'स्वामिनी', 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' अशी नाटकं केली. आता बायकांची कामं बायका करत होत्या. फिरतं बिऱ्हाड संपलं होतं, गिरगावातलं साहित्य संघ मंदिर हेच त्यांचं घर झालं. लोक त्यांना अण्णा म्हणायचे. वेळेचे इतके पक्के की तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा, प्रेक्षागृहात दहा माणसं असोत की हजार. आणि त्यांनी एक काम केलं जे त्यांच्या पोटापाण्याचं नव्हतं. साहित्य संघात होणारी नाटकं, आपलीच नव्हे, दुसऱ्यांचीही, ते ध्वनिमुद्रित करून ठेवत. टेपवर टेप, वर्षानुवर्षं. जे नट गेले त्यांचे आवाज त्यामुळे राहिले. अण्णा २०१५ मध्ये गेले. त्याआधी २००८ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत कंपनीला शंभर वर्षं झाली होती.

कॉलेजच्या बाईंनी आम्हाला एकदा साहित्य संघात संगीत नाटकाला नेलं होतं. मी वेळेवर पोचले नाही, लालबागहून निघालेली बस अडकली होती. पोचले तेव्हा नांदी संपलेली. दाराशी उभं राहून अंधारात जागा शोधताना जी लाज वाटली, तेव्हापासून मी कुठल्याही गटाच्या बैठकीला उशिरा गेलेली नाही. माझ्या गटातल्या बायका म्हणतील, त्यापेक्षा उशीर झाला असता तर बरं.

हे सगळं मी त्या सतरा जणींना गेल्या बैठकीत सांगितलं. निम्म्या हसल्या, दोघी झोपल्या. एका आजीनं विचारलं, "मग त्या केशवरावांच्या भावांना राग नाही आला?" मला उत्तर देता आलं नाही. काकींची सून कोपऱ्यात बसली होती, पहिल्यांदाच आलेली. ती म्हणाली, मला अध्यक्ष नको, मला वही शिकायची आहे. तिनं त्या दिवशी पन्नास रुपये भरले आणि पावती मागितली. चौदा वर्षांत या गटात पावती मागणारी ती पहिली.

पेटी तिनंच परवा आणून दिली. किल्ली मात्र सापडत नाही. काकी ती मंगळसूत्राबरोबर गळ्यात घालायच्या असं म्हणतात, आणि कुठं गेली ते कुणालाच ठाऊक नाही. बुधवारी चार वाजता बैठक आहे, त्याच गावातल्या सुताराला सांगून ठेवलंय. कुलूप सगळ्यांच्या देखत तोडायचं, आतलं मोजायचं, आणि नवीन पेटीला तीन कुलपं लावायची, तीन किल्ल्या तीन घरांत. कुठल्या तीन, यावर अजून भांडण चालू आहे.

त्या गटातल्या कुणी ऐकत असाल तर चार म्हणजे चार.